कॅलेंडरकाकूंचा ऑक्टोबर

लोक आजोळाबद्दल बोलतात तशा काकू येणाऱ्या वर्षांबद्दल बोलायच्या. "सहा वर्षांनंतरचा ऑक्टोबर छान आहे रे," त्या म्हणायच्या, "मोकळा आहे, हवा पण बरी आहे." जणू त्या तिथं राहून आल्या होत्या आणि निघताना दार ओढून घ्यायचं तेवढं राहिलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. महिन्याभरात मीही तसंच बोलू लागलो.

मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर सिंगापूरला आलो आणि क्वीन्सटाउनजवळच्या एका छोट्या कंपनीत लागलो. खेळांची वेळापत्रकं आखून देणं हा तिचा धंदा. त्या वर्षी आमच्याकडे रग्बी लीगचं काम आलं. तेरा-तेरा जणांची ही रग्बी ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये, उत्तर इंग्लंडमध्ये आणि प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर लोक जीव टाकून खेळतात. पण क्लबांचे सामने जवळजवळ सगळं वर्ष खाऊन टाकतात. देशादेशांतल्या सामन्यांच्या वाट्याला वर्षाचं शेपूट येतं, आणि तेही दर वर्षी नव्याने ठरतं, पुष्कळदा मोडतं. म्हणून येत्या दहा वर्षांचं, पुरुषांच्या आणि मुलींच्या संघांचं, एकच पक्कं कॅलेंडर करायचं होतं. तारखा जुळवणारा प्रोग्रॅम मी लिहायचा आणि कुठली तारीख खरंच निभेल ते काकूंनी सांगायचं. कंपनीत त्यांचं पद भारदस्त होतं, पण एकदा बिशानच्या आमच्या घरी जेवायला आल्या असताना माझ्या मुलीने त्यांना कॅलेंडरकाकू म्हटलं. तेच नाव त्यांना चिकटलं.

काकूंनी कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर दहा वर्षं टाचून ठेवली होती. सकाळी कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, कप घेऊन त्या भिंतीपुढे उभ्या राहायच्या आणि एखाद्या महिन्यावर बोट ठेवून डोळे मिटायच्या. "इथं दुपारचं ऊन फार आहे. संध्याकाळी खेळू देत." किंवा, "या मुली आदल्या आठवड्यात विमानात आहेत. पाय आखडलेत त्यांचे. थोडं पुढे घे." माझा प्रोग्रॅम ज्या तारखेला हिरवा रंग द्यायचा तिथं काकूंना कुणीतरी थकलेलं दिसायचं. मी वाद घालायचो. मग त्या मला भिंतीजवळ बोलवायच्या. "बघ तरी नीट," म्हणायच्या, आणि मीही डोळे मिटून उभा राहायचो. काचेबाहेर अलेक्झांड्रा रोडवरच्या बसगाड्या जात असायच्या, आणि मला मात्र गवताचा वास यायचा.

हे वेड त्यांना संसारात लागलं असावं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, जहाजावर चीफ इंजिनिअर. घर सिंगापुरात, माणूस समुद्रावर. मुलाचा वाढदिवस, गणपती, दाताच्या डॉक्टरची वेळ, सगळं जहाज कुठल्या बंदरात असेल त्यावर बेतायचं. काकू सांगायच्या, "जो आत्ता इथं नाही, त्याला पुढच्या एखाद्या दिवशी बसवून ठेवायचं आणि त्या दिवसाकडे चालत राहायचं. मला दुसरं काही येत नाही."

खेळाचं प्रेम मात्र जुनं होतं. काकू सांगलीच्या, लग्नाआधी कबड्डी खेळायच्या. रग्बी लीगचा सामना त्यांनी टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणे त्या काकांना म्हणाल्या होत्या, "ही तर आपली कबड्डीच. धरायचं, पाडायचं, उठून पुन्हा रेषेवर यायचं. फक्त चेंडू जास्तीचा." एकदा जेवताना मी विचारलं, "तुम्ही भारताबाहेर खेळलात का कधी?" त्यांनी भाताचा घास खाली ठेवला. "दौरा ठरला होता आमचा. पासपोर्ट काढले. आईने निळा ब्लेझर शिवून घेतला, शिंप्याकडे चार खेपा घातल्या. मग दौरा पुढे ढकलला. मग आणखी पुढे. रद्द झाला असं कुणी कधी सांगितलंच नाही." घास पुन्हा उचलत म्हणाल्या, "लग्न करून इकडे आले तेव्हा ब्लेझर बरोबर आणला होता. सिंगापूरच्या उकाड्यात."

त्या कॅलेंडरमधल्या दोन सामन्यांत काकूंचा जीव अडकला होता. पहिला, प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशाच्या मुलींचा सामना, आणि तो त्यांच्याच बेटावर, त्या सहा वर्षांनंतरच्या ऑक्टोबरात. नकाशात त्या देशाचं नाव त्याच्या टिंबापेक्षा मोठं असतं. तिथल्या मुली नेहमी दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन खेळायच्या, तेही कुणी बोलावलं तर. दुसरा, एक सामना सिंगापुरात. त्याचं वर्णन त्या इतकं करायच्या की मला तो पाठ झाला होता. पाऊस नुकता पडून गेलाय, एमआरटीच्या मेट्रोतून माणसं ओल्या छत्र्या मिटत बाहेर पडताहेत, दिवे लागलेत, गवतातून वाफ निघतेय, आणि काकू व काका तिसऱ्या रांगेत. "काकांना सुट्टी आहे त्या आठवड्यात," असंही त्या सांगायच्या. तो आठवडाही त्याच मोसमातला, सहा वर्षांनंतरचा होता.

आराखडा मांडायचा दिवस आला. पडद्यावर निरनिराळ्या देशांचे लोक होते, कुणाकडे सकाळ, कुणाकडे संध्याकाळ. सगळं सुरळीत चाललं आणि बेटावरच्या सामन्याशी येऊन अडलं. एका मोठ्या मंडळाचे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले की लांबचा प्रवास, लहान मैदान, मुलींचा सामना. तूर्त पेन्सिलीने लिहून ठेवू, पुढे पाहू. कुणीच हरकत घेतली नाही.

काकू इंग्रजीही सांगलीच्या संथ लयीत बोलायच्या. त्या म्हणाल्या, "तिथल्या मुली पेन्सिलीने सराव करत नाहीत."

ते गृहस्थ चांगले होते. त्यांनी चिडचिड केली नाही, अडचण सांगितली. त्या मोसमात खेळाडूंना क्लबांकडून एवढेच आठवडे मिळणार. बेटावरचा सामना पक्का करायचा तर तिथून पुढे सगळं सरकणार आणि एक आठवडा कुठूनतरी परत द्यावा लागणार. कुठून देता? मी घाईघाईने प्रोग्रॅम चालवला. उत्तर एकच आलं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांना ते पडद्याआधीच कळलं होतं.

"सिंगापूर काढा," त्या म्हणाल्या. "आणि बेटाची तारीख शाईने लिहा."

संध्याकाळी आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गजबजाटात, बसलो. मी म्हटलं, "काकू, वर्षभर थांबून दोन्ही मागता आले असते." त्या म्हणाल्या, "वर्षभरात त्या मुली एक वर्षाने मोठ्या झाल्या असत्या." नंतर बराच वेळ त्या रस्त्यापलीकडच्या उंच इमारतीकडे, तिथल्या बांबूंवर वाळणाऱ्या कपड्यांकडे बघत राहिल्या. सिंगापूरच्या सामन्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

दुसऱ्या वर्षी काका जहाजावरून कायमचे उतरले आणि दोघं सांगलीला परतली. चांगी विमानतळावर मी सामान ढकलत होतो. काकू मधेच थांबल्या, माझ्या बाहीला धरून म्हणाल्या, "तो ऑक्टोबर सांभाळ." त्यानंतर त्या ऑक्टोबरला दोनदा धक्के बसले. एकदा विमानांचं कारण निघालं, एकदा मैदानाचं. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये आवाज न चढवता नाही म्हटलं. त्याचं माझं मलाच नवल वाटलं.

गेल्या ऑक्टोबरात मी कंपनीतर्फे त्या बेटावर गेलो. मैदानाच्या एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला शाळा. सगळं गाव चटया घेऊन आलं होतं. त्यांच्या संघाच्या व्यवस्थापक बाई मला म्हणाल्या, "तारीख कळली तेव्हा यातल्या निम्म्या मुली शाळेत होत्या. तारीख होती म्हणून खेळायच्या राहिल्या." त्या दुपारी यजमान मुली सपाटून हरल्या. तरी शेवटची शिट्टी झाल्यावर कुणी घरी जाईना. म्हाताऱ्या बाया मैदानात उतरून नाचू लागल्या.

मी काकूंना फोन लावला. सांगलीत तेव्हा सकाळ होती. त्यांनी कोण जिंकलं ते विचारलं नाही. "सगळ्या खेळल्या का?" म्हणाल्या.

"खेळल्या, काकू."

"राखीव मुलीसुद्धा? उतरवलं त्यांना?"

"सगळ्यांना उतरवलं. शेवटची जी आली तिला तर आल्या आल्या तिघींनी मिळून पाडलं. उठली आणि हसत हसत रेषेवर गेली."

काकू हळूच म्हणाल्या, "मी राखीवच होते रे आमच्या त्या दौऱ्यात."

"ठेवू नकोस," काकू म्हणाल्या. "नुसता धरून ठेव." मी फोन मैदानाकडे करून उभा राहिलो, आणि त्या तिकडे ऐकत राहिल्या.