शनिवारची वाटी

मी मासोळीचं बीज वाढवतो. या पावसाळ्यात बावीस वर्षं पूर्ण होतील. सिंदेवाहीच्या बाजूला घरची तीन एकर धानाची शेती आहे आणि तिच्या कडेला तीन बोड्या. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. जुलैत बीज केंद्रातून जिऱ्याएवढी पिल्लं आणायची. त्यांना जिरेच म्हणतात. अठरा-वीस दिवस बोडीत खाऊ घालून त्यांना बोटाच्या पेराएवढं करायचं आणि मग आजूबाजूच्या गावांच्या मच्छीमार सोसायट्यांना द्यायचं. सोसायट्या ती आपापल्या तलावात सोडतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत किलो-किलोच्या मासोळ्या काढतात. रोहू, कतला आणि मृगळ, या तीन जाती. बावीसपैकी एकही पावसाळा मी चुकवलेला नाही. हे मी अभिमानानं सांगतो.

कामाला मेहनत लागते, पण त्यातला कठीण भाग मोजण्याचा आहे. चाळीस हजार पिल्लं कोणी एकेक करून मोजत नाही. ती वाटीनं मोजतात. तळाला बारीक भोकं असलेली, चहाच्या कपाएवढी वाटी असते. ती पिल्लांत बुडवून वर काढली की पाणी गळून जातं आणि मासोळ्या राहतात. एका वाटीत किती बसतात ते आधी मोजायचं आणि पुढे नुसत्या वाट्या मोजायच्या. सारा धंदा या एका आकड्यावर उभा आहे.

बहुतेक जण एक वाटी मोजतात. काही जण तीही मोजत नाहीत, हाताला अंदाज आहे म्हणतात. मी पहिल्या वर्षापासून तीन मोजत आलो. पांढऱ्या थाळीत दोन बोटं पाणी घ्यायचं, त्यात वाटी रिकामी करायची आणि चमच्यानं पिल्लं दुसऱ्या थाळीत काढत जायची. वीस झाली की एक चिंचोका बाजूला ठेवायचा. तिन्ही वाट्यांची सरासरी काढायची. याला पाऊण तास लागतो आणि मान दुखते.

माझा चुलत भाऊ आमच्या गावच्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. तो बांधावर उभा राहून म्हणायचा, "अबे, मासोऱ्या मोजून राह्यला का तांदूळ निवडून राह्यला?"

"तू बोलू नको, माझी मोजणी चुकते."

"मंग एकेकीचं नाव बी लिहून घे. म्हणजे रेशनकार्ड काढाले बरं!"

तो हसायचा, मीही हसायचो, पण मोजायचो. पाच-सहा वर्षांत त्याचं फळ दिसलं. नागभीड, मूल, पार आरमोरीकडून लोक येऊ लागले. पिल्लं नेण्याच्या प्लास्टिकच्या थैल्या भरताना कोणी वाट्या मोजत उभं राहायचं नाही. चहा पीत बसायचे. कोणी नवीन माणूस वाटीजवळ जाऊन उभा राहिला, तर जुने त्याला म्हणायचे, "बस गा इथी. यायच्या वाटीले पाहा लागत नाई."

इतकी चांगली गोष्ट माणसाला बिघडवू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता मला कधी कधी नवीन मच्छीमारांच्या प्रशिक्षणात बोलायला नेतात. तिथे हमखास विचारतात, इतकी वर्षं एकच काम करून उत्साह कसा टिकला? मी सांगतो, एकदा टिकला नव्हता. सोळाव्या वर्षी. एका दिवसात तो गेला नाही. आधी तीन वाट्यांच्या दोन झाल्या. मग पाऊस जास्त असला तर एकच. आकडे दरवर्षी तेवढेच येतात, असं मला वाटू लागलं होतं. सकाळी बोडीवर जाताना पूर्वी माझे पाय आपोआप लवकर उचलायचे. त्या वर्षी मी घरीच दुसरा चहा मागू लागलो. काम बंद नव्हतं. फक्त त्यातून मी उठून गेलो होतो.

त्या वर्षी वैनगंगेपलीकडच्या, आरमोरी तालुक्यातल्या एका गावच्या बायांनी गट केला आणि गावचा तलाव मासोळीसाठी घेतला. त्यांचं पहिलंच वर्ष. घरोघरच्या माणसांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बायांच्यानं हे होत नाही. पुढच्या वर्षी तलाव त्यांच्याकडे राहणार की नाही, हे पहिल्या वर्षीच्या मासोळीवर ठरणार होतं. गटाच्या अध्यक्षबाई पन्नाशीच्या असतील. त्या स्वतः येऊन बोडी पाहून गेल्या. चाळीस हजार पिल्लं ठरली.

रविवारी न्यायचं होतं. शनिवारी मी वाटी मोजली. त्या वेळी मागणी मोठी म्हणून तिन्ही मोजल्या. ३९६, ४०५ आणि ३९९ भरल्या. सरासरी बरोबर ४००. शंभर वाट्यांत चाळीस हजार. आकडा इतका गोल आल्याचं मला बरं वाटलं. पण रात्रभर पाऊस लागला, नाल्यावर पाणी चढलं आणि रस्ता बंद झाला. नेण्याआधी पिल्लांना उपाशी ठेवावं लागतं, तशी ठेवलेली सारी पुन्हा बोडीत सोडली आणि खाऊ घातलं. रस्ता मंगळवारी उघडला. बुधवारी पहाटे बायांची गाडी आली. वीस थैल्या होत्या, दर थैलीत पाच वाट्या.

थैल्या भरताना बायको म्हणाली, "आज थाळी नाई काढली?"

"शनिवारी मोजली न."

तिनं थैलीचं तोंड धरलं, मी वाट्या टाकल्या. तासाभरात गाडी गेली.

गुरुवारी आमच्या गावच्या तलावासाठी पिल्लं काढायची होती. मी बोडीवर पोचलो तर दोन्ही थाळ्या बांधावर मांडलेल्या, त्यांच्यात पाणी घातलेलं, बाजूला चिंचोके. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "आपल्या गावचं हाय. अध्यक्ष मोजाले लावन." तिला खरं काय म्हणायचं होतं ते मला समजलं होतं. मी खाली बसलो आणि मोजलं. २५८ भरल्या.

पहिल्यांदा वाटलं, वाटी नीट भरली नसेल. दुसरी मोजली, २७१. तिसरी २५७. सरासरी २६२.

मग ते माझ्या डोक्यात शिरलं. चार-पाच दिवस भरपूर खाऊन पिल्लं वाढली होती. पिल्लू जाड झालं की वाटीत कमी बसतं. शनिवारची वाटी बुधवारी चालतच नव्हती. ही गोष्ट मला पहिल्या वर्षी माहीत होती. नव्या माणसाला मी हीच पहिली सांगतो. आणि मी शंभर वाट्यांना ४०० नं गुणून चाळीस हजार लिहून दिले होते. २६२ नं गुणलं तर होतात २६,२००. बायांना १३,८०० पिल्लं कमी गेली होती.

चुलत भाऊ तेवढ्यात आला. त्याला मी सांगितलं. तो थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे ते तेरा हजार कुठी हाय?"

"कुठी असन? बोडीतच हाय."

"मंग बरं झालं न! आपल्या तलावात टाकू."

"अन् त्यायले?"

"त्यायले कोन सांगते? पाण्यात गेल्यावर कोनाले समजते? बगळे खातेत, मुरेल मासोरी खाते, आधे तं तसेच मरतेत. उन्हाळ्यात मासोरी कमी निंगाली तं म्हणन का तलावच खराब हाय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खरंच कोणाला समजलं नसतं. सोसायटीचा अध्यक्ष म्हणून गावाचं भलं पाहणं त्याचं काम होतं, आणि गावात त्याला कोणी चूक म्हटलं नसतं. पण तो 'तलावच खराब' म्हणाला आणि मला पहिल्या वर्षीच्या त्या बाया दिसल्या. मासोळी कमी निघाली असती तर तलावाला कोणी दोष दिला नसता. म्हणाले असते, बायांच्यानं होत नाही. आणि मी बांधावर बसून ते ऐकलं असतं.

बायको म्हणाली, "मोटारसायकलीत पेट्रोल हाय. कालच टाकलं."

मी निघालो. ब्रह्मपुरीवरून वैनगंगेचा पूल ओलांडला. पुलाखाली पाणी गढूळ आणि भरपूर होतं. वाटेत काय बोलायचं ते तीनदा ठरवलं आणि तीनदा बदललं.

अध्यक्षबाई धान निंदून आल्या होत्या, पायाला चिखल होता. ओसरीवर बसवून त्यांनी पाणी दिलं. आणखी दोघी-तिघी आल्या. मी सरळ सांगून टाकलं. शनिवारची वाटी, बुधवारची पिल्लं आणि १३,८०० कमी. चूक माझी.

मग भिंतीला टेकून बसलेली एक बाई खुदकन हसली. "पाहा! मी म्हणत होती!"

अध्यक्षबाईंनी तिला गप्प केलं आणि घरातून वही आणली. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "आमी नवीन हाव न, भाऊ. हौस होती. बाराव्या नंबरची थैली आमी पुरी मोजली. दोघी जणी, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून, दोनदा."

वहीत १,३३४ लिहिलं होतं. त्यावर रेघ मारली होती. खाली २,००० लिहिलं होतं.

"काऊन खोडलं?" मी विचारलं.

"आमाले वाटलं आमचंच चुकलं. तुमची वाटी चुकत नाई, असं सारे म्हणतेत. मंग आमचीच चुकली असन."

हसलेली बाई म्हणाली, "मी म्हटलं का भाऊनं गंडवलं. तं ह्या माह्यावर रागावल्या!"

मी त्या खोडलेल्या आकड्याकडे पाहत राहिलो. दोन बायांनी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून दोनदा एक थैली मोजली होती. मला सोळा वर्षांत इतकं चिकाटीचं मोजणं दुसऱ्या कोणाचं दिसलं नव्हतं. आणि माझ्या नावासाठी त्यांनी स्वतःचा खरा आकडा खोडला होता. कोणी शिवी दिली असती तर मी सहन केली असती. हे सहन करायला मला वेळ लागला.

"तुमचा बरोबर होता," मी म्हणालो. "माहा खोटा होता."

मग आम्ही हिशोब केला. त्यांच्या थैलीवरून वीस थैल्यांत २६,६८० गेली होती, म्हणजे १३,३२० कमी. माझ्या मोजणीनं १३,८००. बुधवार आणि गुरुवारमध्ये एका दिवसाची वाढ होती, त्यामुळे खरं तर त्यांचाच आकडा जवळचा होता. मी मोठा धरला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "नाई भाऊ, जेवढे कमी तेवढेच द्या." मी ऐकलं नाही.

घरी आल्यावर चुलत भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आमच्या तलावाला ठरल्याएवढीच पिल्लं गेली, ताजी मोजून. बायांची राहिलेली पिल्लं तिसऱ्या दिवशी, शनिवारी, भरायची होती; आदल्या दिवशीच मी अध्यक्षबाईंना निरोप दिला की यायचं असेल तर थैल्या भरताना या, तुमच्यासमोर मोजतो. मला वाटलं एखादी येईल. पाच जणी आल्या, डबे बांधून. चुलत भाऊही येऊन बांधावर उभा राहिला. म्हणाला, "पाहतो तं खरं, रेशनकार्ड कसं निंगते."

त्या सकाळी मला दुसरा चहा आठवला नाही. पहाटे पाचला मी पाण्यात होतो. पिल्लं काढताना जाळ्यात त्यांची चांदी उडत होती आणि किती वर्षांनी मी ती पाहत होतो, हे मला मोजता येईना.

मी वाटी भरली, थाळीत ओतली आणि चमच्यानं मोजत गेलो. पाचही जणी वाकून पाहत होत्या. चिंचोके जमत गेले. मी म्हणालो, "२१४."

त्या दिवशी हसलेली बाई म्हणाली, "२१३."

"२१४ हाय, बाई. दहा चिंचोके अन् वर चौदा."

"वर तेरा. एक तुमी दोनदा मोजली. ते कडेची, शेपटीले काळी. ते उडून परत आली अन् तुमी तिले पुन्हा घेतली."

चुलत भाऊ बांधावरून ओरडला, "अबे, एका मासोरीसाठी काऊन भांडून राह्यले? कोनत्याही आकड्यानं पासष्ट वाट्याच होते न!"

बरोबर होतं. २१४ नं किंवा २१३ नं, १३,८०० साठी पासष्ट वाट्याच लागत होत्या. थैल्या तयार होत्या, गाडी उभी होती.

अध्यक्षबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी त्या बाईच्या हातात चमचा दिला आणि म्हणालो, "मोजा."

ती खाली बसली. तिनं पदर खोचला, चिंचोके एका मुठीत घेतले आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. चुलत भाऊ बांधावरून उतरून येऊन थाळीशी वाकला. तिला वीस मिनिटं लागली.

२१३.