मागचे पाटे आणि उकडीचे मोदक

माझ्या नवऱ्याला पन्नाशीत दोन गोष्टी झाल्या. शुगर आणि गाडी. शुगर गोळ्यांनी आटोक्यात आली.

गाडी अमेरिकन आहे, वयानं माझ्याएवढी आहे आणि तिला दोनच दारं आहेत. पुढे इंजिन एवढं की आमचं स्वयंपाकघर त्यात मावेल, मागे डिकी एवढी की उरलेलं घर तिच्यात जाईल. मधे जी काही फट राहते तिच्यात माणसांनी बसायचं. मस्कतमध्ये अशा जुन्या गाड्यांचे शौकीन पुष्कळ आहेत, पण ते पैसेवाले. माझा नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर पगारी इंजिनीअर आहे. दिवसभर पंप आणि पाइप बघतो, आणि अल खौदला घरी आला की विश्रांती म्हणून गाडीखाली जाऊन झोपतो. पहिल्या वर्षी मी चहा तिथे नेऊन देत असे. मग म्हटलं, पुरे.

तरीही मी या गाडीच्या वाटेला गेले नसते. पण आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा पहिला नैवेद्य दर वर्षी माझ्याकडे असतो. एकवीस उकडीचे मोदक. हॉल रुवीच्या बाजूला, म्हणजे आमच्या घरापासून चांगला पाऊण तास. मागच्या वर्षी नवऱ्यानं हौसेनं हीच गाडी काढली. हॉलमध्ये पोचून डब्याचं झाकण उघडलं, तर आत मोदक नव्हतेच. एक पांढरा गोळा होता आणि त्यातून सारण डोकावत होतं. चिटणीसबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अय्या, यंदा केक का?"

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर ते सगळे शब्द एकदम बोलले. शेवटी असं ठरलं की पुढच्या वर्षी याच गाडीतून एकवीस मोदक न्यायचे. एक जरी फुटला, तर गाडी विकायची. गिऱ्हाईक तयार होतं. इब्रा गावचे एक ओमानी गृहस्थ कधीपासून मागे लागले होते, भेटले की आधी गाडीची खुशाली विचारायचे आणि मग आमची.

"इन्शाल्ला," नवरा म्हणाला.

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

"हो."

"आणि घरखर्चातला एक बैसा त्या गाडीत जाता कामा नये."

त्यानं तेही मान्य केलं. त्याचे शौकीन दोस्त असल्या कामाला अमेरिकेहून आख्खं किट मागवतात. यानं आपली कॉलेजपासूनची गिटार विकली. ती तो कित्येक वर्षांत वाजवत नव्हता, धूळ मीच पुसत होते, पण एक मुलगा येऊन ती घेऊन गेला तेव्हा मला वाईट वाटलं. मी तसं दाखवलं नाही. अट म्हणजे अट.

वादी कबीर भागातल्या गॅरेजांत त्याला एक रत्नागिरीकडचे मिस्त्री भेटले. दोघांचं असं जमलं की विचारू नका. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. आमच्या गाडीचे पाटे इतक्या वर्षांत सपाट झाले होते, त्यामुळे गाडीचं बूड खाली बसलं होतं. भंगारातल्या एका पिकअपचे पाटे काढून त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक जादा घातला. बूड थोडं उचललं. मग आणखी एकेक घातला. शॉकअपही पिकअपचेच बसवले, झिजलेली रबरं बदलली. नवऱ्यानं घरून लेव्हल, म्हणजे गवंड्यांची बुडबुड्याची पट्टी, नेली होती, ती गाडीला लावून बघितली. बुडबुडा बरोब्बर मधे. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं जसं काही मुलाचा मेरिटमध्ये नंबर लागला.

"वयनी, आता लोण्यासारकी जाईल," मिस्त्री मला फोनवर म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

मग परीक्षा. इब्राच्या रस्त्यानं नवऱ्यानं मला लांबवर फिरवून आणलं. माझ्या हातात ताकाचा काठोकाठ भरलेला पेला. थेंब सांडला नाही. मीच तो पिऊन टाकला आणि म्हटलं, बरी आहे. मनातून मात्र माझं धाबं दणाणलं होतं. ही बया आता जन्मभर आमच्याकडेच राहणार.

चतुर्थी शुक्रवारी आली. मी पहाटे उठून उकड काढली, मोदक वळले, कळ्या एकसारख्या, नाकं सरळ. मोठ्या डब्यात केळीचं पान घालून एकाच थरात मांडले. पुढच्या सीटवर फुलं, दुर्वा आणि हार होते, म्हणून मी नऊवारी सावरत मागच्या सीटवर घुसले. दोन दारांच्या गाडीत नऊवारी नेसून मागे बसणं ही काय चीज आहे, ते ज्यानं गाडी बनवली त्याच्या बायकोला विचारायला हवं.

गल्लीच्या तोंडाशी पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी त्यावर चढली आणि उडाली. मी उडाले, डबा उडाला, नवऱ्याचं डोकं छताला लागलं.

"हे काय?" मी ओरडले.

दुसऱ्या स्पीडब्रेकरनंतर त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, मागे जाऊन उभा राहिला. मागच्या काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं डिकी उघडली आणि हळूच बंद केली.

डिकी रिकामी होती. आमचा हॉल भाड्याचा, मंडळाकडे सामान ठेवायला जागा नाही. सगळ्यात मोठी डिकी कोणाची, तर आमची. म्हणून वर्षभर मंडळाचा संसार आमच्याकडे असतो. मखराची लोखंडी चौकट, लेझीम, सतरंज्या, दोन पितळी समया, पाट. इतकी वर्षं ते तिथे होतं की ते सामान आहे हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. गाडीचं बूड खाली बसलं होतं ते बरंचसं त्यानं. पाटे घातले ते मखरासकट, लेव्हल लावली ती मखरासकट, ताकाचा पेला नाही सांडला तो मखरामुळे. आणि आदल्या दिवशी मंडळाची माणसं येऊन सगळं घेऊन गेली होती. आता पिकअपचे पाटे होते आणि वर वजन शून्य.

"तांदळाची पोती टाकू," तो म्हणाला. पण दुपारच्या नमाजाची वेळ. शटरं सगळी खाली. आरती थांबणार नव्हती.

तो परत स्टिअरिंगवर येऊन बसला आणि समोर बघत म्हणाला, "राहू दे. टॅक्सी बोलावतो. मोदक नीट जाऊ देत. इब्राच्या गृहस्थांना मी उद्या फोन करतो."

बस्. इतकंच. वाद नाही, चिडणं नाही. हा माणूस ऑफिसात भांडतो, भाजीवाल्याशी भांडतो, माझ्याशी तर भांडतोच. आणि ज्या एका गोष्टीसाठी भांडायला हवं, तिथे टॅक्सी बोलावतो! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर या क्षणाची वाट बघत होते मी, आणि आता तो आला तर मला तो नको होता.

"गप गाडी चालव," मी म्हटलं.

"अगं पण मोदक..."

"मोदक माझे आहेत. यल्ला, चल."

त्यानं गाडी काढली. मी डबा मांडीवरून उचलला आणि दोन्ही हातांवर अधांतरी धरला. कोपरं सुटी ठेवली. गाडी वर गेली की हात खाली, गाडी खाली आली की हात वर. लहान बाळ धरून मी एके काळी बसमधून अशीच जायचे, त्यामुळे अंगाला ते ठाऊक होतं. हायवेवर म्हटलं जरा ठेवू, तर तिथेही पुलांचे सांधे. आरशात त्याला माझं फक्त डोकं दिसत होतं.

"उघडून बघतेस का?" त्यानं मधेच विचारलं.

"नाही."

खांद्यांतून कळा यायला लागल्या. मग हात भरून आले, मग ते माझे आहेत हेच कळेना. मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. अमेरिकेला, पिकअपला, चिटणीसबाईंना. गणपतीला नाही दिल्या, पण तोंडाशी आल्या होत्या.

हॉलमध्ये चिटणीसबाईंनी स्वतः झाकण उघडलं. सगळी मंडळी वाकली. एकवीस मोदक, एकवीस नाकं. एक जरा कलला होता, पण फुटला नव्हता.

नवऱ्यानं बोट फिरवत एकवीसच्या एकवीस मोजले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "गाडी?"

"बरी चालली," मी म्हटलं. "शॉकअप चांगले बसलेत."

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. लगेच खजिनदारांना कोपऱ्यात घेऊन तो पाटे म्हणजे काय ते समजावू लागला. खजिनदारांनी विचारलं नव्हतं.

आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी हात वर करायला गेले तर ते उचलेचनात, पोटापाशीच लोंबत राहिले. शेजारी नवरा डोळे मिटून, घाम पुसायचंही भान नसलेला, दणादण टाळ्या वाजवत होता. म्हटलं, वाजव बाबा. माझ्या वाटच्याही तूच वाजव.