ओल्या सोवळ्यातली कनिष्ठा

गौरी महिन्यावर असतानाच मी माळ्यावरचा डबा उतरवला, ते बरं झालं. धाकट्या गौरीच्या, म्हणजे कनिष्ठेच्या मुखवट्याला केसांपासून भुवयांच्या मध्यापर्यंत तडा गेला होता. आमचे दोन्ही मुखवटे शाडूचे, कच्च्या मातीचे. सासूबाई लग्न होऊन आल्या त्याच्याही आधीचे. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला, "भंगलेली पूजायची नाही. पाण्यात सोडा. यंदापासून खड्यांच्या गौरी बसवू."

नदीवरचे खडे आणून गौरी बसवणारी घरं आमच्या शनिवार पेठेत पुष्कळ आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पण नणंदेला, सुलभावन्संना, फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी माहेरी येऊन कुणाचं तोंड बघायचं? तुझं?"

त्या वारज्याला राहतात. तिथे मातीकामाचं सामान विकणारं दुकान आहे, तडा जोडता येईल का ते आधी तिथे विचारू, असं त्यांनीच सुचवलं. सासूबाईंनी एवढीच सवलत दिली, "विचारा. पण ठिगळ लावलेली देवी मी मखरात बसवणार नाही."

आदल्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी मुखवटा सोवळ्यात गुंडाळला. पूजेचं सोवळं आमच्याकडे धुऊन पिळलेलं, ओलंच लागतं. सकाळी ते सुकलेलं दिसलं. बसमध्ये कुणाकुणाचा धक्का लागणार, म्हणून पुन्हा भिजवून पिळलं आणि मग पिशवीत ठेवलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, रिक्षाच्या फंदात पडू नका. बसचं तिकीट वीस रुपये आणि सकाळी दहाच्या पुढे बसायलाही मिळतं. स्टॉपवर वन्सं उभ्याच होत्या. हायवेच्या सर्व्हिस रोडने थोडं चालून फरशीवाल्यांच्या शेजारच्या बोळात वळलं की पत्र्याची मोठी शेड दिसते. वाटेत चहा बारा रुपयांना आणि गोड मिट्ट. घरून थर्मास न्यावा.

आत गेल्यावर मात्र मी पाहतच राहिले. सारवलेल्या अंगणाला येतो तसा गार वास. पांढऱ्या, तांबड्या, करड्या मातीचे गोळे पिशव्यांतून रचलेले, जणू मोठ्या कार्याची कणीक मळून ठेवलीय. लाकडी कोरण्या, स्पंज, माती कापायच्या तारा, सगळं हाताशी. मला सगळ्यांत आवडला तो कोपऱ्यातला हौद. मोडलेलं, वाळलेलं, बिघडलेलं सगळं त्यात भिजत घालायचं आणि पुन्हा मळून वापरायचं. वाया काही जात नाही. इतकं शहाणं स्वयंपाकघर मी पाहिलेलं नाही.

आमच्या पुढे खराडीहून आलेली एक मुलगी होती. "अंकल, अॅक्चुअली ऑफिसच्या स्ट्रेससाठी क्ले हवा होता."

मालक साठीचे, कोपरापर्यंत मातीने माखलेले. "स्ट्रेस केवढा आहे? आम्ही किलोवर देतो."

ती हसली आणि दोन किलो घेऊन गेली.

आमची पाळी आली. मी हात धुऊन सोवळं सोडलं. कपड्यावर काजळाचे दोन डोळे उमटलेले आणि देवीच्या मुखवट्यावर नुसते डाग! गालाला बोट लावलं तर बोट रुतलं.

"अगं, काय केलंस हे!" वन्सं म्हणाल्या. "तडा होता तेवढा पुरे नव्हता का?"

माझ्या मनात अथर्वशीर्षसुद्धा धड येईना.

"हात काढा," मालक म्हणाले. त्यांनी मुखवटा उचलला नाही, नुसतं वाकून पाहिलं, मागून हलकं दाबलं. "ओल्यात कधीपासून आहे?"

"काल दिवेलागणीपासून."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी नाही. सोवळं आहे ते."

त्यांनी वन्संकडे बघितलं. "वाळलेल्या मातीला ओली माती धरत नाही. कोरडा आणला असतात तर मी परत पाठवलं असतं. हे असं रात्रभर ओल्यात ठेवा, हेच लोकांना सांगून माझा घसा बसतो. आता जोडलं जाईल."

"मग जोडा ना," वन्सं म्हणाल्या.

"मी माती विकतो, बाई. देव तुमचे आहेत, हात यांचे स्वच्छ आहेत. बसा."

त्यांनी शाडूची पातळ लापशी करून दिली, त्यात दोन थेंब व्हिनेगर. ते सांगत गेले, मी करत गेले: तड्याच्या कडा कोरणीने खरवडायच्या, लापशी भरायची, मागून बोटाने आधार देत पुढून दाबायचं. करंजीची कड बंद करते तशीच. वन्सं माझा पदर धरून उभ्या होत्या, लापशीत जाऊ नये म्हणून.

दोन किलो शाडू, एक कोरणी आणि स्पंज मिळून दोनशे दहा झाले. मी दोनशे म्हटलं. मालक म्हणाले, "भाजी मंडईत घासाघीस करा." दिले दोनशे दहा, आणि पहिल्यांदाच चुटपुट लागली नाही.

घरी मुखवटा प्लास्टिक झाकून सावलीत हळूहळू वाळवला. वाळल्यावर वन्सं मुद्दाम आल्या, आम्ही दोघींनी रंग दिला, काजळ रेखलं आणि सासूबाईंपुढे पाट मांडला. त्या सोवळ्यावरचे काजळाचे डोळे अजून निघालेले नाहीत. मीही फार घासलं नाही. उरलेली माती डब्यात ओली ठेवली आहे.

सासूबाईंनी चष्मा लावला. कपाळावरून बोट फिरवलं, भुवयांच्या मध्ये थांबवलं.

"दिसतोय," त्या म्हणाल्या.

वन्संनी माझा हात धरला.

सासूबाईंनी करंडा पुढे ओढला. "कुंकू जरा मोठं लावा. आणि नदीवर जाऊ नका उगाच, खडे नकोत."