घारीचा खेळ

बंदरावर तिला सगळे घार म्हणत. कारण उघड होतं. दिवसभर ती क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, जमिनीपासून चांगली उंच, एकटी बसायची आणि पायाखालून जहाजावरचे कंटेनर उचलून ट्रकवर ठेवायची. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं होतं ती चिडेल. तिनं ते नाव हेल्मेटवर रंगवून घेतलं.

पोकरचा नाद मात्र तिला जमिनीवर लागला. घरच्या माळ्याच्या शिडीवरून घसरून पाय मोडला आणि दोन-अडीच महिने घरात अडकून पडली. नवऱ्याचं सलून, तो सकाळीच जायचा. टीव्ही बघून डोकं उठलं, तेव्हा तिनं टॅबवर पोकर खेळायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सपाटून हरली. तेव्हा तिला कळलं की वाईट पत्त्यांनी माणूस कमी हरतो. कंटाळा आला म्हणून खेळतो, तेव्हा जास्त हरतो.

मग तिनं आपली एक रीत बसवली. ओव्हरटाइममधला थोडा पैसा वेगळा काढायचा आणि तेवढंच खेळाचं पाकीट समजायचं. त्यात घरखर्चातला एक पैसाही घालायचा नाही. एका बैठकीला पाकिटातला इतका छोटा तुकडा न्यायचा की तो सगळा गेला तरी जेवताना घास अडकू नये. पाकीट आटलं, तर निमूट लहान टेबलावर, म्हणजे कमी पैशांच्या डावात, जायचं. त्यात कसली लाज? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, आणि तिचा तर एक पाय तेव्हा प्लास्टरमध्येच होता.

खेळायचीही तशीच. दहातले आठ-नऊ डाव पत्ते बघून टाकून द्यायची. पण एकदा हात चांगला आला की मागे हटायची नाही. टेबलावरचे लोक चॅटमध्ये लिहायचे, ‘ही बाई झोपली का?’ ती पुढचाही हात टाकून द्यायची. वारा वाढला की क्रेन थांबवायची आणि पडला की कामाला लागायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. पाय बरा झाला, ती कामावर गेली, पण सुट्टीच्या दुपारचा खेळ चालू राहिला. पाकीट हळूहळू फुगत गेलं. त्यातून घरात एक चांगला फ्रीज आला.

त्या फ्रीजनं घोळ केला. जुन्या स्कूटर विकणारा तिचा दीर एकदा तो उघडून बघत म्हणाला, “वहिनी, हा पत्त्यांवर आला? मग मलाही शिकवा की!”

दीर तसा जिवाला जीव देणारा. शिडीवरून पडली तेव्हा तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाला होता तोच. नाही कसं म्हणणार? तिनं त्याला पत्त्यांची किंमत शिकवली, आणि पाकिटाची रीतही सांगितली. पत्ते त्याच्या लक्षात राहिले.

तो खेळायचा स्कूटर विकल्यासारखा. हात कसलाही असो, बोली दणदणीत. सुरुवातीला समोरचे घाबरून पत्ते टाकत गेले आणि त्याला वाटलं, आपल्याला जग कळलं. महिनाभर तो मिशीला पीळ देत फिरला. मग लोकांनी त्याला ओळखलं.

एका सोमवारी, सलूनला सुट्टी असते त्या दिवशी, तो तिला तिथं घेऊन गेला. आतून कडी लावली आणि खुर्चीवर मटकन बसला.

“वहिनी, नव्या दुकानाच्या डिपॉझिटला ठेवलेले पैसे... निम्मे गेले.”

“जाऊबाईंना माहीत आहे?”

“तिला कळलं तर माझं काही खरं नाही. उरलेले तुम्ही खेळा. मोठ्या टेबलावर. तुम्ही कधी हरत नाही.”

“मी दर आठवड्याला हरते, भाऊजी. तुम्हाला दिसत नाही, कारण थोडं थोडं हरते.”

पण तो हात जोडून उभा राहिला, आणि तिला त्याची ती पाठ आठवली. ती खुर्चीत बसली, टॅब मांडीवर घेतला. दीर मागे उभा. समोर भला मोठा आरसा, त्यात त्याचा चेहरा.

बराच वेळ तिनं पत्ते टाकले. तेवढ्यातही डावात बसायचे म्हणून थोडे पैसे झिरपत गेलेच. मग तिला राण्यांची जोडी आली. टेबलावर मधोमध उघडलेले, सगळ्यांचे सामाईक पत्ते हलके होते, तिच्या जोडीला धक्का लागेल असं त्यात काही नव्हतं. समोरचा खेळाडू मघापासून थापा मारत होता, हे तिनं हेरलं होतं. त्यानं एकदम मोठी बोली लावली. आपल्या लहान टेबलावर तिनं पापणी न हलवता तेवढेच पैसे लावले असते. तिनं आरशात पाहिलं. दिराचे ओठ कोरडे पडले होते.

तिनं राण्या टाकल्या.

समोरच्यानं मजा म्हणून आपले पत्ते उघडे केले. सत्ती आणि तिर्री. निव्वळ थाप.

“वाचलो!” दीर म्हणाला. त्याला काही कळलंच नव्हतं.

तिनं टॅब बंद केला.

“उरलेले घेऊन घरी जा, भाऊजी. मी खेळतच नव्हते. मी नुसती घाबरत होते.”

“अजून एक तास बसा ना!”

“गेले तर चालतील असे पैसे असतात तेव्हाच मला खेळता येतं. हे तसले नाहीत. जाऊबाईंना सांगा. आजच.”

दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तुमचा फ्रीज आला, आता तुम्हाला काय!” म्हणाला आणि कडी काढून निघून गेला.

त्यानं सांगितलं, पण चार दिवसांनी. पाचव्या दिवशी जाऊ दारात. “शिकवलंत तुम्हीच ना?” एवढंच म्हणाली. घारीकडे उत्तर होतं, रीतही सांगितली होती म्हणून. पण शिकवलं होतंच. नवं दुकान राहिलं, दिराच्या स्कूटरी फुटपाथवरच उभ्या राहिल्या, आणि पैशांचा कारभार जाऊबाईंनी स्वतःकडे घेतला. घारीनंही बरेच दिवस टॅबला हात लावला नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा जाऊ एका दुपारी आपणहून आली. “मला बघायचंय, आमच्या ह्यांना खाल्लं ते आहे तरी काय.”

घारीनं सगळ्यात लहान टेबल उघडलं. पत्ते आले, टाकले. आले, टाकले. चहा झाला, कप विसळून झाले, तरी टाकणं चालूच. जाऊनं जांभई दाबली.

“एवढंच? ह्यात तर नुसतं गप्प बसायचं असतं!”

“हो.”

जाऊ पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. “अहो मग, आमच्या ह्यांना कसं जमणार होतं?”

घारही हसली. हसण्याच्या नादात एक बरा हात तिच्याकडून टाकला गेला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.