भाऊजींची पहिली ओळ

बुलडाणा जिल्ह्यात जन्मून पुण्या-हैदराबादेत पोटासाठी प्रोग्राम लिहिणारा एकही माणूस असा नसेल, ज्याच्या पाकिटात कधी ना कधी माझ्या मोठ्या भाऊजींची चिठ्ठी नव्हती. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धामणगाव बढ्याला त्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. त्याआधी चार वर्षं ते पुण्यात प्रोग्रामर होते. कंपनीनं त्यांना परत पाठवलं की त्यांनीच कंपनी सोडली, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही भाऊजींचीच आहेत. गावी आल्यावर त्यांनी दुकान उघडलं, पण प्रोग्रामचं वेड काही सुटलं नाही. कोणी काही अडचण घेऊन आला की बियाण्यांच्या जुन्या कॅलेंडराचा पाठकोरा तुकडा काढायचा, त्यावर चार-सहा ओळींचा तोडगा लिहायचा आणि घडी घालून हातात द्यायचा. दहा ओळींच्या वर चिठ्ठी कधी गेली नाही. "धा ओळीत मावत नसन तं तुले प्रश्नच समजला नाई," असं ते म्हणत आणि माणसाला बसस्टँडवर चहा पिऊन यायला पाठवत.

चिठ्ठीचे नियम कडक होते. फोटो काढायचा नाही, मोबाइलवर पाठवा म्हणायचं नाही. घरी जाऊन एकेक अक्षर हातानं टाइप करायचं. आणि चिठ्ठी मिळण्याआधी काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून आपली चूक मोठ्यानं सांगायची. समोर युरियाची चौकशी करणारी चार माणसं उभी असली तरी सांगायची. भाऊजींचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काल चालत होतं ना? मंग काल अन् आजच्या मधात काय बदललं?" कपाशीची पानं आकसली म्हणून आलेल्या शेतकऱ्यालाही ते हेच विचारत, त्यामुळे स्टुलावर बसलेल्याला आपलं पीक गेलं की प्रोग्राम, हे क्षणभर कळत नसे. एकदा जळगाव जामोदची एक मुलगी दोन एसट्या बदलून आली. अर्धी अडचण सांगून झाल्यावर ती मध्येच थांबली, "अरे, सापडलं!" म्हणाली आणि उठली. भाऊजींनी तिला परत बसवलं आणि चिठ्ठी लिहूनच सोडलं.

प्रोग्राममध्ये यंत्र वाचत नाही, फक्त माणसं वाचतात अशी एक शेऱ्याची ओळ लिहायची सोय असते. इतर लोक त्या ओळीत खालचा भाग काय काम करतो ते लिहितात. भाऊजी तिथं मागणाऱ्याचं काय चुकलं ते लिहीत. त्या मुलीच्या चिठ्ठीवर पहिली ओळ होती, 'हिचं हिलेच सापडलं. मी फक्त आयकलं.' प्रोग्राममध्ये मोजणी एकापासून नाही, शून्यापासून होते; त्यात चुकलेल्या एकाला मिळालं होतं, 'हा शून्यापासून मोजाले इसरते.' एखादं मूल्य घटकाभर ठेवायला जी तात्पुरती जागा लागते, तिला ते 'पाहुणा' नाव देत. "पाहुणा काम झाल्यावर गेला पाह्यजे. तिसऱ्या दिवशी घरात दिसला तं समजाचं काईतरी चुकलं." हे त्यांनी मला आमच्या देऊळघाटच्या घरी सांगितलं, आपल्या मुक्कामाच्या आठव्या दिवशी.

मी घरूनच एका पुण्याच्या कंपनीचं काम करतो. सुरुवातीचे सहा महिने माझी नोकरी कच्ची होती, काम पटलं तरच पुढे ठेवणार होते. आमचा प्रोग्राम दवाखान्यांत पेशंटला येण्याच्या तारखा द्यायचा आणि माझ्या हातून त्यात दिवस-महिन्याची अदलाबदल होऊन पाच जुलैचा पेशंट सात मेला बोलावला जात होता. मी भाऊजींकडे गेलो, स्टुलावर बसलो, चिठ्ठी आणली आणि नियमाप्रमाणे एकेक अक्षर टाइप केली. एकेक म्हणजे सगळीच. दुसऱ्या दिवशी बैठकीत आमच्या मॅडमनी सगळ्यांच्या देखत पहिली ओळ वाचली, "'माह्या साळ्याले तारखा समजत नाईत. दोनदा सांगतलं.' हे काय आहे?" मी खरं ते सांगितलं. मॅडमनी खालच्या ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "खालचं बरोबर आहे. वरची ओळ काढून टाका." नोकरी टिकली.

आता लोकांच्या फोनमध्येच उत्तर देणारं यंत्र आलं आहे. ते स्टुलावर बसवत नाही, काल काय बदललं ते विचारत नाही आणि कोणाला काय समजत नाही हे लिहूनही ठेवत नाही. मीही तेच वापरतो, खोटं कशाला बोलू. धामणगावला चिठ्ठ्या मागायला येणारे हळूहळू कमी झाले आणि मग यायचेच बंद झाले. परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "स्टुलावर आता सोयाबीनच्या थैल्या ठेवल्या त्यायनं. दिवसभर कोणाशी बोलत नाईत. मले म्हणे, आपलं काम संपलं. तू एखादी चूक कर ना बाप्पा, अन् ये." मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. दोन वर्षांत मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. रस्ताभर चूक शोधत होतो, पण ऐनवेळी चांगली चूकही सुचत नाही. शेवटी ती जुनी तारखांचीच काढली. भाऊजींनी थैल्या उचलून खाली ठेवल्या, स्टूल पुसलं. "काल चालत होतं ना?" "हाव." "मंग काय बदललं बे?" मी मोठ्यानं सगळं सांगितलं, पाच जुलै, सात मे. ते मान खाली घालून ऐकत होते. मग कॅलेंडराचा तुकडा घेतला आणि लिहायला बसले. सहा ओळींना त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. ताई दारातून पाहत होती. घडी हातात देताना म्हणाले, "घरी जाऊन पाह्य."

मी एसटीतच उघडली. खाली तोच जुना तोडगा होता, एका अक्षराचाही फरक नव्हता. वर पहिली ओळ होती, 'याले हे येत होतं. तरी इचाराले आला.'

सोमवारी मी ती चिठ्ठी कंपनीच्या प्रोग्राममध्ये जुन्या तोडग्याच्या जागी हातानं टाइप केली, पहिल्या ओळीसकट. मॅडमनी वाचली आणि हे कोणी लिहिलं ते विचारलं. मी सांगितलं. या वेळी त्यांनी ओळ काढायला सांगितली नाही. धामणगावला एसटी कुठून मिळते, एवढंच विचारलं.