बोट बरं झालं तरी

माझी बायको कपडे अल्टर करते. पँट आखूड करायची, चेन बदलायची, पोट सुटलेल्यांची शिलाई उसवून द्यायची. स्वभावानं इतकी मऊ की दुकानात गिऱ्हाईक अंगावर आलं तरी हिचा आवाज चढत नाही. आणि हीच बाई रोज संध्याकाळी माझ्या खुर्चीत बसून धडाधड माणसं मारते. माझ्या खुर्चीत! माझ्या कॉम्प्युटरवर!

चूक माझीच. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोन महिन्यांपूर्वी लिफ्टच्या दारात उजव्या हाताचं बोट चेमटलं, डॉक्टरांनी करकचून पट्टी बांधली. ऑनलाइन गेममध्ये आमची चौघांची टीम: बेकरीवाला आमचा कॅप्टन, एक नर्सबाई, एक टॅक्सीवाला आणि मी. गेम युद्धाचा. पडकी शहरं, रायफली, धूर. एकदा आत शिरलं की घराला आग लागली तरी कळायचं नाही. सात वर्षांत मी एक शनिवार चुकवला नव्हता. आता टीम अडली, म्हणून मीच बायकोला म्हणालो, "बस जरा माझ्या जागी, बोट बरं होईपर्यंत." ती नको नको म्हणत होती. मीच हाताला धरून बसवलं.

बोट तीन आठवड्यांत बरं झालं. कॅप्टनला फोन केला तर म्हणतो कसा, "घाई नको दादा. अजून आराम करा."

आराम करा! मी काय म्हातारा झालोय? बायकोचं नाव त्यांनी 'सुई' ठेवलं, कारण तिचा नेम चुकत नाही. सात वर्षांत मला कुणी टोपणनाव दिलं नाही. जेवताना ही मधेच खुदकन हसते, म्हणते, "नर्सबाई काय बोलली माहितीय?" हो, जळतो मी. सख्ख्या बायकोवर जळतो. लपवायचंय काय त्यात?

मग तो शनिवार आला. स्पर्धेची मॅच, तीन फेऱ्यांची, दुपारी तीनला. पावणेतीनला तिचा दुकानातून फोन. "अहो, कोटाची एक बाही राहिलीय, गिऱ्हाईक उभंच आहे. त्यांना जरा थांबायला सांगा ना."

"सांगतो," म्हणालो. आणि नाही सांगितलं. तिच्या नावानं आत शिरलो आणि लिहिलं, 'माइक बिघडलाय, ऐकू येतंय.' बेत साधा होता. उघड्यावर जाऊन उभं राहायचं, मुकाट गोळ्या खायच्या, सुईचं नाव पार धुळीला मिळवायचं. मग कॅप्टन आपणहून मला फोन करील.

पण काय सांगू! समोर पूल, पलीकडे शत्रू, कानात कॅप्टनचं "डावीकडे, डावीकडे!" आणि मी बेत साफ विसरलो. दोन महिन्यांचा उपाशी होतो. जीव तोडून खेळलो. भिंतीआडून सरपटत गेलो, जखमी टॅक्सीवाल्याला धुरातून ओढून आणलं, दोघांना टिपलं. फेरी हरलो, पण थोडक्यात. शर्ट घामानं चिंब. इतकं चांगलं मी जन्मात खेळलो नव्हतो.

शाबासकी ऐकायला मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. मग कॅप्टन हळूच म्हणाला, "सुई, बरं नाहीये का तुला?"

"ताप आहे का गं?" नर्सबाई म्हणाली. "दर दोन गोळ्यांनंतर बंदूक भरत बसली होतीस."

"अगदी दादांसारखी," टॅक्सीवाला म्हणाला, आणि तिघं हसले. वाईट मनानं नाही हसले. तेच जास्त लागलं.

सवय आहे ती माझी. तेलाचा डबा अर्धा झाला की मी भरून ठेवतो, अर्धं काही सोडवतच नाही.

बायको दारात उभी होती. गळ्यात मापाची टेप तशीच. मी हेडफोन काढून तिच्या हातात दिला. तिनं कानाला लावला, ऐकलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगणार आणि चौघं मिळून माझी खिल्ली उडवणार.

"हो, जरा डोकं धरलं होतं," ती माइकमध्ये म्हणाली. "आता ठीक आहे."

मी खुर्ची सोडली. ती बसली. हेडफोन गळ्यात उतरवून, मागे न बघता म्हणाली, "इतक्यांदा भरायची नसते हो बंदूक. तुम्ही भरत बसता, तेवढ्यात ते मारतात तुम्हाला."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायला कशाला हवं कुणी? सात वर्षं तुमच्या मागे स्टुलावर बसून शिलाई उसवत होते. बघतच होते की."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले. कितीदा बोलले. तुमच्या कानांवर हे होतं."

तिनं हेडफोन चढवला. दुसरी फेरी सुरू झाली. मी स्टूल ओढून मागे बसलो. फार बुटकं आहे ते. तिथून अर्धाच पडदा दिसतो, बाकी खुर्चीची पाठ.

"डावीकडे बघ," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही.