डाव्या खुर्चीतली आई

पायलटचं लायसन्स मिळालं त्या दिवशी आईने पेणच्या आमच्या रामवाडीत घरोघरी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. भाजीला गेलं तर भाजीवाली, दुधाला गेलं तर दूधवाला, सगळ्यांचा एकच प्रश्न. "मग, कधी उडवतेस?"

लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे, हे पेणमधल्या एकाही माणसाला मी आजवर पटवू शकलेले नाही. शेजारच्या काकांना एकदा चिडून विचारलं, "काका, तुम्हाला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं तेव्हा महामंडळाने दारात एसटी आणून उभी केली होती का?" काका म्हणाले, "तसं नाय गो, पण विमानाचं वेगळं असंल ना." मी म्हटलं, "विमानाचं याहून वाईट आहे." त्यांनी ते विनोद म्हणून घेतलं. पेणवरून विमान नेशील तेव्हा हात दाखव, असं सांगून ते निघून गेले.

यात भर म्हणून माझा मामा. मामा रोह्याच्या केमिकल कंपन्यांना कामगार पुरवतो, त्यामुळे जगातली प्रत्येक नोकरी कुठल्या तरी गेटवर, कुठल्या तरी ठेकेदाराच्या हातात असते, अशी त्याची पक्की खात्री आहे.

"विमानवाल्यांचा ठेकेदार कोण?" त्याने मला विचारलं.

"ठेकेदार नसतो मामा. परीक्षा असते."

"नसतो कसा? माणसं घेतात ना आत? मग ठेकेदार असणारच. तू फक्त नाव काढ, बाकी मी बघतो."

मी नाव काढेना, म्हणून हा गृहस्थ स्वतः मोटरसायकलवर बसून पनवेलकडच्या नव्या विमानतळाच्या गेटवर गेला आणि पायलटची भरती कुठल्या गेटला असते, असं वॉचमनला विचारून आला. वॉचमन बिचारा सज्जन असावा. त्याने सामान चढवणाऱ्यांच्या भरतीचा अर्ज मामाच्या हातात ठेवला. मामा तो घेऊन खुशीत आमच्या घरी आला. "सध्या आत शिर," तो म्हणाला, "मग हळूहळू वर सरकता येतं. कंपनीत मी तसाच सरकलो." मी कपाळावर हात मारून घेतला. आईने मात्र तो अर्ज वाया जायला नको म्हणून फ्रिजवर ठेवून दिला.

हसण्यासारखं होतं ते हसून झालं. खरी गोष्ट अशी होती की माझे वडील रोह्याच्या कंपनीत आयुष्यभर शिफ्ट करत आले आणि त्यांचा सगळा फंड माझ्या ट्रेनिंगला गेला. बाबा मुळात कमी बोलणारे. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण लायसन्स काही लोणचं नव्हे, बरणीत घालून मुरत ठेवायला. हात चालला नाही की गंज चढतो, आणि नवशिक्या पायलटला तर कोणी दारात उभं करत नाही. अनुभव असेल तर नोकरी देतो म्हणतात. आता नोकरी दिल्याशिवाय अनुभव काय माझ्या मामाने द्यायचा? अशात एका स्वस्त तिकिटांच्या विमान कंपनीने नवशिक्यांना बोलावलं. लेखी परीक्षेत मी पास झाले. पुढे सिम्युलेटरची परीक्षा आणि मुलाखत राहिली. तिथे नापास झालं की पुन्हा लवकर बोलावत नाहीत. त्या संध्याकाळी बाबा जेवता जेवता हळूच म्हणाले, "बघ, या टायमाला नाय झालं तर थोडे दिवस मामाकडं टाइम ऑफिसात बस. घरात बसून माणूस खराब होतो." कामगारांची हजेरी लावायला का शिकले होते मी विमान?

सिम्युलेटरची तयारी घरी करायची एक रीत आहे. सगळे पायलट करतात. विमान परवडत नाही, म्हणून खुर्चीत बसायचं, समोर कॉकपिटचं चित्र लावायचं आणि हवेत हात फिरवून, सगळी वाक्यं मोठ्याने म्हणून विमान उडवायचं. हसायचं काम नाही, हात आणि तोंड याने तयार होतात. मी बाजारपेठेतल्या फ्लेक्सवाल्याकडून कॉकपिटचं चित्र भिंतीएवढं छापून घेतलं. छापताना त्याने सवयीने विचारलं, "खाली शुभेच्छुक म्हणून कोणाची नावं टाकू?"

अंगणातल्या भिंतीवर फ्लेक्स लावला आणि समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. डावी कॅप्टनची, उजवी फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे माझी. डाव्या खुर्चीसाठी माझ्याच बॅचचा एक मुलगा होता. रोह्याजवळच्या अष्टमी गावचा, अत्यंत गुणी. चालताना मुंगीचीसुद्धा माफी मागेल असा. तो रोज गाडीने पेणला यायचा आणि आम्ही शेजारी शेजारी बसून भिंतीकडे बघत इंग्रजीत बोलायचो. आठवडाभरात आळीत चर्चा सुरू झाली. एक बाई आईला येऊन म्हणाल्या, "काय गो, पोरगा चांगला दिसतो. पन हे असं भिंतीकडं बघत बसतात, ते काय लागीर तर नाय ना?" दुसऱ्या बाईंनी थेट लग्नाची तारीखच विचारली.

आईने त्याला चहा-पोहे दिले आणि सांगितलं, "बाबा, तू आता फोनवरच कर तुझा अभ्यास." माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हटलं, "आणि माझा कॅप्टन कोण होणार?"

"मी बसते," आई म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. पण आई आमची पापडवाली. एकदा हातात घेतलं की पुरं केल्याशिवाय उठायची नाही. लाटणं घेऊन ती डाव्या खुर्चीत बसली. त्या कंपनीच्या विमानांत कॅप्टनची विमान चालवायची दांडी डाव्या हाताला असते, म्हणून मी लाटणं तिच्या डाव्या हातात दिलं. "डाव्या हातानं चालवायचं?" ती म्हणाली. "हे कसलं अवलक्षणी विमान!"

त्या दिवसापासून सुरू झालं. आई कॅप्टन म्हणून अशी काही निघाली की सांगता सोय नाही. दिल्लीला निघालेलं विमान ती अर्ध्यावर रोह्याला वळवायची, कारण तिला नणंदेला भेटायचं असायचं. समोर प्लास्टिकवर पोह्याचे पापड वाळत असायचे, ती आमची धावपट्टी. उतरता उतरता कावळा बसला की कॅप्टन लाटणं घेऊन कावळ्यामागे धावत सुटायची आणि विमान हवेत तसंच. मी मागून ओरडायचे, "अगो आये, आपण खाली येतोय!" ती म्हणायची, "तू धर गो जरा, पापड नासतात माझे." बाबांची रात्रपाळी असली की दिवसा ते आत झोपलेले असायचे. तेव्हा आमचं विमान कुजबुजत उडायचं.

हळूहळू ती चेष्टा राहिली नाही. मी तिला समजावलं होतं की कॅप्टन म्हणजे देव नव्हे. कॅप्टन चुकला तर शेजारच्याने सांगायचं. पहिल्यांदा साधं सांगायचं. ऐकलं नाही तर ठणकावून सांगायचं. तरीही ऐकलं नाही तर विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. परीक्षेत नेमकं हेच बघतात, परीक्षक मुद्दाम चुकतो. आईला हे भलतंच आवडलं. मुद्दाम चुकण्यात तिचा हात कोणी धरला नसता. मी "उंची बघा" म्हटलं की ती ढिम्म. ठणकावून म्हटलं की, "मला शिकवतेस? तुला जन्म कोणी दिला?" मग मी लाटणं ओढायचे आणि ती सोडायची नाही. एकदा आमची झटापट एवढी रंगली की मामा आला आणि दारातूनच परत गेला. त्याला वाटलं, मायलेकींचं खरंच वाजलंय.

परीक्षा दिल्लीकडे होती. सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी असलेली एक मोठी पांढरी पेटी. आत गेलं की अगदी खरं विमान, खिडकीबाहेर खरी वाटणारी धावपट्टी. डाव्या खुर्चीत परीक्षक कॅप्टन बसले होते. पांढऱ्या भरघोस मिशा, चेहऱ्यावर जन्मात कधी हसल्याची खूण नाही. मागे दुसरे एक परीक्षक काहीतरी लिहीत होते. डोळ्यांसमोर रोह्याचं टाइम ऑफिस, हजेरीचं मशीन आणि बाबांची खाली घातलेली मान.

सुरुवात ठीक झाली. उड्डाण झालं, वळणं झाली. मग विमान खाली उतरवताना जमिनीवरच्या कंट्रोलने एक उंची सांगितली, तिथे थांबायचं होतं. कॅप्टन थांबले नाहीत. मी म्हटलं, "सर, अल्टिट्यूड." ते नुसतं "हं" म्हणाले. विमान खाली चाललेलंच. मी आवाज चढवला, "कॅप्टन, आपण सांगितलेल्या उंचीच्या खाली आहोत." सगळं इंग्रजीत, बरं का, पुस्तकात लिहिलंय तसं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मोठ्या माणसाने पोराला "गप रे" म्हणावं तशी. आणि दांडी काही मागे घेतली नाही.

त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं त्यावर माझा ताबा नव्हता. अंगणात महिनाभर जे म्हटलं होतं तेच निघालं.

"अगो आये, खाली कुठं चाललीस! सोड ते! सोड म्हणते ना!"

आणि मी माझ्या दांडीवरचं बटण दाबून विमान ताब्यात घेतलं, वर नेलं, सरळ केलं. हातांनी आपलं काम केलं. मग मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या माणसाला मी "आये" म्हणाले होते आणि वर एकेरीत ओरडले होते. संपलं, मी मनात म्हटलं. घ्या आता हजेरीचं मस्टर.

कॅप्टनसाहेब उत्तरेकडचे. त्यांनी सावकाश विचारलं, "ये 'आये' क्या होता है?"

"मदर, सर," मी म्हटलं.

मागून लिहिणाऱ्या परीक्षकांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते खोकत होते की हसत होते, मला मागे वळून बघायची छाती झाली नाही. कॅप्टनसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठीक है. मदर कंटिन्यूज." पुढचं सगळं विमान मी रडू आवरत उडवलं.

बाहेर आल्यावर अष्टमीचा मुलगा भेटला. त्याचीही त्याच दिवशी परीक्षा होती. मी माझी फजिती सांगितली, तर तो हसला नाही. तो म्हणाला, "माझ्याबरोबरही तेच केलं त्यांनी. मी एकदा सांगितलं. मग वाटलं, सरांचं काहीतरी कारण असेल. एवढ्या मोठ्या माणसाला किती वेळा सांगायचं?" त्याचं विमान पेटीतल्या पेटीत जमिनीवर आदळलं होतं. आम्ही दोघं स्टेशनवर चहा प्यायलो. वाईट वाटलं मला त्याचं, फार वाटलं. मोठ्यांना उलटून बोलू नये हे त्याला घरी चांगलं शिकवलं होतं, त्यात त्याचा काय दोष? पुढे तो दुसऱ्या कंपनीत लागला, पण बऱ्याच उशिरा.

मुलाखतीनंतर काही आठवडे काहीच कळलं नाही. मामाने इकडे टाइम ऑफिसात माझ्यासाठी टेबलसुद्धा पुसून ठेवलं. मग एका दुपारी अंगणात आईबरोबर पापड उलटत होते आणि फोनवर मेल आला. मी तो दोनदा वाचला. मग किंचाळले. बाबा झोपेतून उठून धावत बाहेर आले, त्यांना वाटलं साप निघाला. मी त्यांच्या गळ्यात पडले. बाबांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि लुंगीच्या टोकाने डोळे पुसले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आई मात्र जागची हलली नाही. ती पापडांपाशी तशीच उकिडवी बसली होती.

"अगो आये, लागली नोकरी!"

"ऐकलं. म्हंजे आता खरं विमान?"

"मग काय खोटं?"

"मागं माणसं बसणार?"

"माणसंच बसणार, नाहीतर काय तुझे पापड नेणार?"

मी हसले, पण ती हसली नाही. "पोरंबाळं पन असतील," ती म्हणाली. महिनाभर ती माझ्या शेजारी बसून विमान चालवत होती, पण त्यात कोणी बसलेलं आहे हे तिच्या डोक्यात त्या क्षणी आलं असावं. तिचा चेहरा एवढासा झाला. तिने पदराला हात पुसले, उठली आणि माझा दंड घट्ट धरला.

"तो मोठा सायेब चुकला तर बोलशील?"

"बोलेन की."

"असं गुळमुळीत नाय. माझ्यावर वराडायचीस तशी वराड. भीड धरू नको त्याची. नोकरी गेली तरी चालंल."

मी बाबांकडे पाहिलं. फंड त्यांचा होता, शिफ्टा त्यांनी काढल्या होत्या. ते भिंतीला टेकून उभे होते.

"ऐक तिचं," बाबा म्हणाले. "गेली तर जाऊ दे."